शेवटच्या पायरीपर्यंत

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कुलगुरूंनी आज आग्रहाने चहा पाजला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. पडलंच. आमच्या खुल्या रंगमंचाला जानेवारीत पंचवीस वर्षं होतात. स्मरणिका निघणार, तिच्यात रंगमंचाचा इतिहास मी लिहायचा आणि वर त्या दिवशीचं नाटकही मीच बसवायचं. मे महिन्यात निवृत्त होतेय, तेव्हा जाता जाता पिळून घ्यावं असा बेत दिसतो. मी आढेवेढे घेतले, पण मनातून हरखले. माझ्याशिवाय दुसरं कोण लिहिणार होतं? ही वही त्यासाठीच घेतली. मनात येईल ते इथे लिहायचं, स्मरणिकेत शोभेल तेवढं तिकडे उचलायचं.

खुला रंगमंच हे कागदावरचं नाव. आम्ही सगळे खाणच म्हणतो, कारण ती खाणच होती. दगड काढून काढून टेकडीच्या कुशीत भगदाड पडलं, दगड रस्त्यांखाली गेले, ठेकेदार निघून गेला आणि डबकं राहिलं. त्यात म्हशी डुंबायच्या, बायका गोधड्या धुवायच्या. विद्यापीठाने जमीन घेतली तेव्हा आर्किटेक्ट ती बुजवून वाहनतळ करणार होता. मी तेव्हा नवी होते आणि आतासारखीच तोंडाळ होते. एका रविवारी मधूला घेऊन गेले, त्याला वरच्या काठावर उभं केलं आणि खाली तळाशी जाऊन साध्या आवाजात विचारलं, "अहो, संध्याकाळी भाजी कसली करू?" वरून उत्तर आलं, "पडवळ सोडून काहीही." मागचा कातळ आवाज उचलून वर फेकतो. दुसऱ्या दिवशी मी तेव्हाच्या कुलगुरूंना तिथे नेलं. वाहनतळ दुसरीकडे गेला आणि खाणीला पायऱ्या आल्या.

(तोंडावर मी नवऱ्याला अहो म्हणते, वहीत मधू. वहीत तो काही ऐकत नाही.)

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हात करायचा दिवस. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात नाटकात येऊ इच्छिणारी मुलं एकेक करून खाली रंगमंचावर उभी राहतात आणि आपलं नाव नि गाव सांगतात. ओरडायचं नाही, घरात बोलतो तसं बोलायचं. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसते. आवाज माझ्यापर्यंत आला की मी हात वर करते. हात झाला की भूमिका, नाही झाला तर पडदा, कपडे, सामान. माईक या खाणीत आजवर लागलेला नाही. पदवीदान झालं, कविसंमेलनं झाली, करोनानंतर मुलांना लांब लांब बसवून वर्ग घेतले, तेही माईकवाचून. हा माझा नियम आणि त्याबद्दल मला बऱ्यापैकी गर्व आहे.

आज मात्र सगळा विचका झाला. निम्म्या मुलांचा आवाज वर आलाच नाही. असं कधी घडलं नव्हतं. सई असती तर एखाद्या वेळी मला वाटलं असतं तिच्या बडबडीमुळे ऐकू येत नाही. सई ही माझी तरुण सहकारी, मुलगी गुणी आहे, पण नावं लिहून घेताना प्रत्येक नाव बालवाडीतल्यासारखं मोठ्याने म्हणते. मी तिला किती वेळा टोकलं, सवय जात नाही. आज ती मोहोपाड्याच्या कॉलेजात परीक्षेच्या कामाला गेली होती, म्हणजे माझ्या शेजारी निवांत शांतता होती. तरी हे असं.

मंगळी नावाची एक मुलगी आली होती. कोंडाण्याकडच्या वाडीतली, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची आई चिमा आमच्याच बागेत कामाला येते. पोरगी उभी छान राहिली, पाय घट्ट, मान सरळ. तोंड हललं. मी वाट पाहिली. पुन्हा हललं. माझा हात गुडघ्यावरच राहिला. ती थोडा वेळ वर बघत उभी होती, मग सामानवाल्यांच्या घोळक्यात गेली. वाईट वाटलं, पण आज तिला सूट दिली की उद्या सगळ्यांना द्यावी लागते.

दोष कशात आहे हे माझ्या लक्षात आलंय. उन्हाळ्यात कातळावरून दोन-चार दगड सुटले म्हणून इस्टेट विभागाने त्याच्यावर लोखंडी जाळी ठोकली. ती जाळी आवाज खाते. मला कोणी विचारलं होतं?

घरी आले तर भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं, टिकटिक नाही. सेल बदलला. मधू म्हणतो, चालूच होतं. रसायनीच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रांजवळ उभं राहून त्याचे कान गेले, दोन्ही कानांत मशीन आहे, आणि हा मला घड्याळाचं सांगणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कुलसचिवांना खरमरीत अर्ज दिला. जाळीमुळे शेवटच्या पायरीपर्यंत आवाज पोचत नाही, ती तत्काळ काढावी. खाली सही करताना फार बरं वाटलं.

नाटक ठरलं. खाणीच्याच गोष्टी सांगायच्या. ठेकेदाराची, आर्किटेक्टची, आणि मला सगळ्यात आवडते ती शकूबाईच्या म्हशीची. खालच्या गावातल्या शकूबाईची म्हैस या खाणीत उतरली आणि तिला वर यायची वाट सापडेना. लोक दोर घेऊन आले, काठ्या घेऊन आले, म्हैस आणखीच बिथरली. मग शकूबाईने सगळ्यांना हाकलून दिलं आणि काठावर बसून दिवसभर म्हशीशी बोलत राहिली. घरचं, दारचं, सासूचं. दिवस कलला तेव्हा म्हैस आपली आपण ट्रकच्या उताराने वर आली. ही गोष्ट मला गावातल्या तिघींनी तीन तऱ्हांनी सांगितली आणि तिघीही सांगताना पोट धरून हसल्या.

शकूबाईचं काम सुरेखाला दिलंय. खणखणीत आवाज आहे तिचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तालीम बरी झाली. वर बसून मी सारखी "आवाज, आवाज" असं ओरडत असते, त्यामुळे मुलं आता जोरात बोलायला लागलीत. सुरेखा म्हशीशी बोलते ते सभेत भाषण केल्यासारखं वाटतं खरं, पण निदान पोचतं. त्या प्रवेशाला हसू का येत नाही कळत नाही. सई म्हणाली, मॅडम, मुलांचे घसे बसायला लागलेत. मी म्हटलं, बसू देत, मीठपाण्याच्या गुळण्या करा. सई काहीतरी बोलणार होती, मग तिने माझ्या खांद्यावरचं पान काढलं आणि गेली. अलीकडे ही सगळी माणसं पुटपुटतात आणि निघून जातात.

मधूला शनिवारी मशीन दाखवायला पनवेलला जायचंय. म्हणतो, तूही चल, तुझेही कान तपासून घेऊ, नाहीतरी एकावर एक मोफत तपासणी आहे. मी म्हटलं, मोफत आहे म्हणून मी दातही काढून घेईन का? तो हसला नाही. नेहमी हसतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कुलसचिवांचं उत्तर आलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. जाळी सुरक्षेसाठी आहे, काढता येणार नाही. मात्र ज्येष्ठ प्राध्यापिकांनीच लेखी कळवल्याप्रमाणे रंगमंच ध्वनीच्या दृष्टीने निरुपयोगी झाला असल्याने त्यावर कायमचं छप्पर घालून, बाजू बंद करून, वातानुकूलित सभागृह करावं असा प्रस्ताव आहे. देणगीदारही मिळालाय. ९ डिसेंबरला समिती बसणार, मीही हजर राहायचं.

निरुपयोगी हा शब्द मी लिहिलेला नाही. पण अर्ज माझा आहे. पंचवीस वर्षं जी खाण सांभाळली ती मीच बुजवायला दिली की काय, या विचाराने जेवण गेलं नाही. मधू समोर बसून काहीबाही बोलत होता. मी नुसती मान हलवली.

२ डिसेंबर, मंगळवार

आज जे घडलं ते जसं घडलं तसं लिहिते.

तालीम संपली. मुलं चहाला गेली. मी वरच्या पायरीवरच बसून होते, समितीपुढे काय बोलायचं ते जुळवत. खाली मंगळी एकटी कपड्यांच्या घड्या करत होती. माझ्या पलीकडे, पायरीच्या त्या टोकाला चिमा भाकरीचं फडकं सोडून बसली होती. मंगळीने मान वर न करता काहीतरी म्हटलं. म्हणजे तिचे ओठ हलले. चिमाने घास हातात धरून उत्तर दिलं. मंगळी हसली, पुन्हा काही बोलली. चिमाने वळून मागच्या झाडावरची ओढणी काढून मांडीवर घेतली. मग दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. एक त्या तळाशी, एक या काठाला, चुलीपाशी बसून बोलावं तशा. आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

पहिल्यांदा मी स्वतःला म्हटलं, डोंगरातली माणसं, त्यांना लांबून बोलायची सवय. मग उठून चिमाजवळ जाऊन बसले. विचारलं, काय म्हणते गं ती?

"वढनी वाळली का बग म्हनली. आन पाव्हने येनार हायेत, तर लवकर निगू." चिमाने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाला नाय आलं ऐकू?"

मी म्हटलं, तिला आणखी काही बोलायला सांग. चिमाने सांगितलं. मंगळी सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे बघून बोलली. ओठ मला स्वच्छ दिसत होते. मी चिमाकडे पाहिलं. तिने मान हलवली, आलं म्हणून. तिने काय ऐकलं ते मी विचारलंच नाही. मी पदर सावरून पायऱ्या उतरले आणि कोणाशी न बोलता घरी आले.

३ डिसेंबर, बुधवार

घड्याळाला कान लावून उभी राहिले. मग मधूला विचारलं, वाजतंय का? तो म्हणाला, वाजतंय.

४ डिसेंबर, गुरुवार

सईला खोलीत बोलावून दार लावलं आणि सरळ विचारलं. ती रडायलाच लागली. गेली तीन वर्षं ती माझ्या शेजारी बसून प्रत्येक नाव मोठ्याने म्हणत आली, ती नावं ऐकून मी हात करत आले. नाटकातल्या जुन्या मुलांनाही ठाऊक होतं. ऑफिसला ठाऊक होतं. चहावाल्यालाही ठाऊक असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, सगळ्या जगाने मिळून मला बाहुली केली होती का? मला का सांगितलं नाहीस?

सई डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला कोण सांगणार होतं, मॅडम?"

घरी येऊन तोच राग मधूवर काढला. तो शांतपणे म्हणाला, "मी सांगितलं होतं. दोनदा. तुला ऐकू आलं नाही." आणि मग माझा हात धरून बसला. आम्ही दोघं हसलो, मग मी रडले. भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते. नाटक ऐकू येणार नसेल तर मी कोण?

९ डिसेंबर, मंगळवार

समितीत जायच्या आधी माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहायला लाज वाटते. गप्प बसावं. जाळीवर ठाम राहावं. छप्पर होऊ द्यावं. मे महिन्यात मी जाणारच आहे, माझ्या कानांचं कोणाला कळण्याचं कारण नाही. सभागृहाला माझं नावही दिलं असतं कदाचित.

मग कुलसचिवांनी माझा अर्ज वाचायला घेतला आणि मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "जाळीत काही दोष नाही. खाण पहिल्यासारखीच आहे. मला ऐकू येत नाही."

कोणीतरी माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. कुलसचिव खाली बघत कागद सारखे करत राहिले. चांगला माणूस आहे, पण हसताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्यांचं म्हणणं ते कागदावर लिहून पुढे करायला लागले तेव्हा मात्र मी उखडले. म्हटलं, माझ्याकडे तोंड करून जरा सावकाश बोला, तेवढं पुरतं. शेवटी ठरलं ते असं. देणगीदार वाट बघतोय, नुसत्या माझ्या शब्दावर प्रस्ताव मागे घेता येणार नाही. जानेवारीत नाटक माईकशिवाय होईल. समिती शेवटच्या पायरीवर बसेल. आवाज आला तर खाण राहील, नाहीतर फेब्रुवारीत खांब उभे राहतील.

बाहेर आले तेव्हा हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. पाय दुखत होते, इतकंच.

११ डिसेंबर, गुरुवार

त्या दिवशी हात न झालेल्या सगळ्यांना बोलावून खरं ते सांगितलं आणि माफी मागितली. बाकीची मुलं अवघडून "असू दे मॅडम" म्हणाली. मंगळी आलीच नव्हती. वाचनालयात गाठली. तिथल्या कोपऱ्यात तिच्या समोर बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत बोलली. तिला कोणी सांगितलं असेल, की तिचं तिला कळलं?

"तुमी हात केला नाय तवा घरी जाऊन आईला म्हनलं, माझा आवाजच नाय. आई हसली. म्हनली, मला तर तुझा आवाज वाडीवरनं वढ्यापरत येतो. पन मला वाटलं, आईला तर येनारच. मॅडमना नाय आला म्हंजे नाय. मंग मी वर्गात पन बोलायचं सोडलं."

मी शिकवायला लागून तीस वर्षं झाली. बोलायला शिकवते असं लोकांना सांगते. म्हटलं, शकूबाईचं काम करशील? सुरेखाचा घसा पार गेलाय, डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, तो घसाही माझ्याच पापात. मंगळी म्हणाली, विचार करते. पुस्तक उघडून वाचायला लागली. मी निघाले.

१५ डिसेंबर, सोमवार

मंगळी आली. तालीम कशी घ्यायची हा प्रश्न सईने सोडवला. आता वर सई बसते आणि मी खाली मुलांच्या शेजारी उभी राहून तोंडं बघते. मंगळी शकूबाई झाली आणि रंगमंचाच्या काठावर बसून कोणाकडे न बघता म्हशीशी बोलायला लागली. तिच्या खांद्यांवरूनच कळत होतं की ती ओरडत नाहीये. मी सवयीने "आवाज" म्हणणार होते, जीभ चावली. म्हशीशी कोणी ओरडून बोलतं का? इतके दिवस मी तेच करून घेत होते. वर सई दोन्ही हात तोंडावर घेऊन हसत होती, रुद्र म्हैस झाला होता तोही हसत होता.

हसणं कशाला हे मी सईकडून संहितेत लिहून घेतलं. माझीच वाक्यं, पण मंगळीने मधे स्वतःची भर घातलीय. ती मी तशीच ठेवली.

२७ डिसेंबर, शनिवार

पनवेलला जाऊन आलो. तपासणीच्या काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मी बराच वेळ वाट बघत बसले आणि शेवटी कळलं की शिट्ट्या वाजून गेल्या होत्या. मशीन बनून यायला जानेवारीची अखेर होईल. म्हणजे नाटक मला ऐकता येणार नाही. मधू म्हणाला, मी माझं एक देतो. म्हटलं, ते चष्म्यासारखं नसतं हो. चहा मात्र छान मिळाला तिथे.

११ जानेवारी २०२६, रविवार

नाटक झालं. आज दुपारी उठून हे लिहितेय.

काल ऊन उतरायच्या वेळेला खाण भरली. गावातली माणसं आली होती, वाडीवरच्या बायका आल्या होत्या, जुने विद्यार्थी पोरंबाळं घेऊन आले होते. समिती ठरल्याप्रमाणे शेवटच्या पायरीवर. तिथेच चिमा आणि तिच्या शेजारणी. कुलसचिव आणि चिमा यांच्यात मधू बसला होता.

माझी खुर्ची पहिल्या रांगेत कुलगुरूंजवळ ठेवली होती. पडद्याची वेळ झाली आणि मला कळेना, मी करू काय. रंगमंचाकडे बघून मला काही कळणार नव्हतं, ओठ कळले तरी पोचलं की नाही ते कळणार नव्हतं. मग मी उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि रंगमंचाकडे पाठ करून बसले. कुलगुरूंनी माझ्याकडे पाहिलं. बाई निवृत्तीच्या आधीच गेली असं त्यांना वाटलं असेल. मी म्हटलं, तुम्ही नाटक बघा, मला माणसं बघायची आहेत.

ठेकेदाराचा प्रवेश गेला. आर्किटेक्टचा गेला. खालची माणसं खुलली होती, मधली माना पुढे काढून बसली होती, वर कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. वारा सुटला, झाडं हलायला लागली. छप्पर मला दिसायलाच लागलं होतं, खांबासकट.

मग सगळे एकदम गप्प झाले, तेव्हा मी समजले की मंगळी रंगमंचाच्या काठावर येऊन बसली. ती काय बोलते ते मला पाठ होतं. तिने म्हशीला घरचं सांगितलं, दारचं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या पोराटोरांचे ओठ विलग झाले. मग तिने ते तिचं स्वतःचं वाक्य घेतलं असणार, ते मी समोरच्या चेहऱ्यांवरून ओळखलं: "वर ये गं बाय. तुज्यासाटी सकाळपासून बसलेय. सासू पडली आसती तर येवढा येळ बसले नसते."

कुलगुरूंचं पोट हललं. त्यांच्या मागची रांग हसली, तिच्या मागची, तिच्या मागची. हसू एकेक पायरी वर चढताना मला दिसत होतं. मधल्या टप्प्यावर एक बाई हसता हसता मुलाच्या डोक्यावर कलली. मी शेवटच्या पायरीवर नजर लावली. मधूने मान मागे टाकली, पण त्याच्या कानात मशीन आहे, त्याचं धरायचं नाही. कुलसचिवांनी चष्मा काढला आणि हसत हसत ते रुमालाने डोळे टिपायला लागले. आणि चिमाने शेजारणीच्या मांडीवर थाड्‌कन थाप मारून, माझ्या लेकीकडे बघ म्हणून, खाली बोट केलं.